एक ते चार बंद

चष्म्याच्या दुकानाचं शटर खाली,
त्यावर ऑइलपेंटने: दुपारी एक ते चार बंद.
एक वाजून सात मिनिटं झाली होती.
टिपणीस म्हणाली, "सात मिनिटांसाठी आपलं आयुष्य..."
आणि वाक्य तिथंच सोडून वळली,
कारण समोरच्या गल्लीतून तिला तळणीचा वास आला होता.

आम्ही अजून आडनावानेच हाक मारतो.
एकतीस वर्षं एका टेबलाच्या दोन बाजू,
आवक तिच्याकडे, जावक माझ्याकडे.

वास निघाला कुणाच्या तरी घरातला. दुसरा मजला.
विकत मिळणार नाही असा.
तरी जिन्याखाली उभ्या राहून आम्ही ठरवत होतो
कोथिंबीरवडी की अळूवडी.
"अळू," ती म्हणाली. "चिंच कळतेय."
वरून कुणी टॉवेल झटकला,
तेव्हा चालू लागलो.

चरईतून गेलो की उथळसरवरून, विचारू नका.
ठाण्याचे तीनच रस्ते मला पाठ:
स्टेशन ते ऑफिस, ऑफिस ते स्टेशन,
आणि पगाराच्या दिवशी जांभळी नाका.

एका बोळात, दाताच्या दवाखान्याला चिकटून
रबरी शिक्क्यांचं दुकान. कपाटाएवढं.
काका दुकानात बसले नव्हते,
दुकानच काकांच्या अंगाला बसलं होतं, बंडीसारखं.
फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि चिठ्ठी:
न नेलेले शिक्के. कुठलाही दहा रुपये.

टिपणीसने डब्यात हात घातला,
लहान मुलं तांदळात घालतात तसा, कोपरापर्यंत.
निघाले एका गृहनिर्माण संस्थेचे
अध्यक्ष, सचिव, खजिनदार, तिघंही उलट्या अक्षरांत.
निघाला एक होमिओपॅथ.
एक नुसताच "रोख मिळाले".
"नेत का नाहीत हो लोक?"
"करायला टाकतो तेव्हा माणूस जोरात असतो, बाई.
शिक्क्याला आठ दिवस लागतात."
पुढचं ते बोलले नाहीत, पॅडवर फुंकर घातली.

तिने उचलला तो: मूळ प्रत पाहिली.
हा साहेबांचा असायचा. साहेबांच्या खणात, किल्लीत.
एकतीस वर्षं आम्ही प्रती लावायच्या,
पाहायचं त्यांनी. खरं तर तेही पाहत नसत.

मग कशाला काही धरबंध राहिला नाही.
भेळेच्या कागदावर, मूळ प्रत पाहिली.
माझ्या मनगटावर, मूळ प्रत पाहिली.
शटर ओढून तालीम करणाऱ्या बँडवाल्यांच्या
बंद दारावर हळूच एक,
आत क्लॅरिनेटवाला एकाच ओळीत पुन्हापुन्हा घसरत होता
आणि आम्ही बाहेर त्याच्यासाठी श्वास धरून.

चेंदणीकडे उतरताना कुणाच्या भिंतीवरून
तुतीची फांदी रस्त्यावर आलेली.
टिपणीस, वय बासष्ट, गुडघा बदलून दीड वर्ष,
दुधाच्या क्रेटवर चढली.
मी आजूबाजूला पाहिलं, मग पदर पसरला.
खालच्या गच्चीवर सुकट राखत बसलेली बाई ओरडली,
"गावशी काळी झाली ती घ्या, लाल आंबट हायेत!"
लाल पण खाल्ल्या.

दुकान गाठलं तेव्हा पावणेसात.
तिने नवा चष्मा चढवला, काचेत बघितलं, रस्ता बघितला,
मग माझ्याकडे बघत राहिली जरा जास्तच.
"देसक, तुझ्या भुवईत तीळ आहे?"
"जन्मापासून आहे."
"मला कसा नाही दिसला?"
"आता दिसला ना? आवकला घे नोंद."

रात्री लिंबू चोळून बोटं धुतली.
जांभळं काही गेलं, काही राहिलं,
शाई कुठली आणि तुती कुठली, ते काही कळेना.
पिशवी उपडी केली तर तळाशी पॅड.
शिक्का तिच्याकडेच राहिला.